बांधावरचा उजेड

चाकणहून तळेगावच्या रस्त्याला लागलात की वाटेत महाळुंगे इंगळे लागते. खेड तालुक्यातले हे गाव. रात्री तिथे उतरलात तर तुम्ही म्हणाल, इथे बॅटरीचे काय काम? 1999 साली बजाज ऑटोचा कारखाना इथे सुरू झाला, मागून आणखी कितीतरी आले, आणि आता रात्रभर आभाळ उजळलेले दिसते. पण माझ्याबरोबर रस्ता सोडून दोन बांध ओलांडा. झगमगाटातून आलेल्या डोळ्यांना अंधार सरावायला 20-30 मिनिटे लागतात. तोवर पायाखाली दोरी आहे की जनावर, कळत नाही. रात्रपाळी काही कारखान्यातच नसते. पंपाची वीज रात्रीची असली की आमचे मामा इथल्या कांद्याला रात्रीच पाणी धरतात.

मला बॅटऱ्या जमवण्याचा नाद आहे. घरची मंडळी त्याला खूळ म्हणतात. तीन मोठ्या सेलच्या जुन्या बॅटरीपासून (तिच्या बुडाच्या झाकणात जादा बल्ब ठेवायची सोय असे!) मुठीत मावणाऱ्या एलईडीपर्यंत 26 नग फडताळात आहेत. पौषातल्या अमावास्येला त्यातल्या पाच लहान बॅटऱ्या घेऊन मी मामांच्या रानात गेलो.

पहिली काढली ती सर्वांत महागडी. खोक्यावर ल्युमेनचा आकडा हजारांत. झोत थेट पलीकडच्या लिंबावर गेला. मामा म्हणाले, "आरं, झाड दिसलं, पण माझा पाय कुठाय?" पाचेक मिनिटांत तिचा उजेडही उतरला. यात फसवणूक नव्हती. एवढ्याशा नळीत उष्णता साठते, म्हणून ती आपणहून मंद होते. खोक्यावरचा आकडा सुरुवातीचा असतो.

ल्युमेन म्हणजे पंपाचे एकूण पाणी समजा. ते पाटाने पसरवायचे की नळीने लांब फेकायचे, हे पुढची वाटी ठरवते. अंतराचेही तसेच. 2009 साली अमेरिकेत ठरलेल्या मोजमापाप्रमाणे खोक्यावर 200 मीटर लिहिले असेल, तर तिथे पोचतो तो साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उजेड. खेड-जुन्नरकडे बिबट्याचा वावर आहे, म्हणून लांब झोताची एक घरात असावी हे खरे. पण मी तरी लिहिलेल्या अंतराच्या निम्मेच धरतो.

शेवटी एका पेन्सिल सेलवरची, पसरट आणि किंचित पिवळ्या उजेडाची बॅटरी लावली. माझ्या लेखी ती सर्वांत साधी. परत फिरलो, तर पाटाच्या तोंडाशी घोणस वेटोळे करून बसलेली. थोड्याच वेळापूर्वी आम्ही तिथूनच गेलो होतो. तेव्हा ती तिथे होती की मागाहून आली, देव जाणे. दोघेही जागच्या जागी उभे राहिलो. ती सावकाश गवतात गेल्यावर मामा एवढेच म्हणाले, "हीच दे."

तुम्ही घ्याल तेव्हा दुकानातल्या दिव्याखाली पारखू नका. अंधाऱ्या बोळात जाऊन स्वतःच्या पावलांवर उजेड पाडा. चिखलाच्या हाताने बटण दाबता येईल का, ते पाहा. आयपीएक्स 4 म्हणजे नुसते शिंतोडे सोसणारी, आयपीएक्स 7 म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकणारी. 18 मिलिमीटर जाडीचा आणि 65 मिलिमीटर लांबीचा लिथियम सेल पुष्कळ पुरतो, पण त्याचे वेष्टण फाटले की तो वापरू नका आणि खिशात नाण्यांबरोबर तर मुळीच ठेवू नका. मामांना पेन्सिल सेल बरा वाटला, कारण तो गावच्या दुकानात मिळतो. बॅटरी पडून राहणार असेल तर सेल काढून ठेवा. पाझरलेल्या सेलने माझी एक चांगली बॅटरी आतून खाल्ली आहे.

ती साधी बॅटरी आता मामींनी दाराच्या खुंटीला अडकवली आहे. पहाटे गोठ्यात जाताना त्याच नेतात. मामांनी परवा मला विचारले, "तसली अजून एक हाय का रं?"