पंखा नंबर दोन

कॉव्हेंट्रीत उन्हाळा आला की लोकांना बार्बेक्यूचा किडा चावतो. माझ्या नवऱ्याला किट कारचा चावला! किट कार म्हणजे काय, तर चासी, फायबरचं नाक, दिवे, नटबोल्टची पुडकी असं सगळं खोक्यांतून घरी येतं, इंजिन तुम्ही एखाद्या जुन्या गाडीतून काढून आणायचं, आणि मग दोन वर्षं बायकोचं तोंड बघायचं नाही. (आमची सव्वादोन झाली.)

हा ब्रिटिशांचा जुना नाद. १९५७मध्ये लोटसनं ‘सेव्हन’ काढली आणि ती सुट्या भागांतही विकली. कारण तयार गाडीवर परचेस टॅक्स होता, सुट्या भागांवर नव्हता. टॅक्स वाचवण्यासाठी माणूस काय काय करतो, हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको. १९७३मध्ये परचेस टॅक्स जाऊन व्हॅट आला आणि ती मजा संपली. नाद मात्र राहिला. त्याच वर्षी केटरहॅमनं सेव्हनचे हक्क घेतले, आणि ती गाडी लोक आजही घरी जोडतात.

आपल्याकडे सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून किक मारून सुरू होणारी जीप बनवली. २०२१च्या डिसेंबरात आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात त्यांना बोलेरो देऊ केली, कारण जीप कितीही गोड असली तरी नियमांत बसणारी नव्हती. इथे अशा गाडीसाठी चक्क परीक्षा असते. नाव आयव्हीए. सरकारी इन्स्पेक्टर गाडी खालून-वरून तपासतो. पास झाली तरच नंबर मिळतो.

आमची तारीख तीन आठवड्यांवर आली होती आणि गाडी तापत होती.

चालती असताना नाही हं. तेव्हा समोरून वारा येतो, रेडिएटर खूश. पण उभी करून इंजिन चालू ठेवलं की काटा ९५, १००, १०५... सेव्हनसारख्या गाडीचं नाक इतकं निमुळतं की आत रेडिएटर जेमतेम मावतो. त्याच्यामागे एकच दहा इंची पंखा. आणि इन्स्पेक्टर धूर तपासतो तो उभ्या, गरम गाडीचा. ॲल्युमिनियमचं हेड तापून एकदा वाकलं की सगळं इंजिन उघडा. तेवढे पैसे आमच्याकडे उरले नव्हते. ‘यात फेल झालो तर विकून टाकू,’ असं नवरा जेवताना बोलून गेला. त्यानंतर दोन दिवस तो गॅरेजमध्ये फिरकला नाही, तेव्हा मला खरं टेन्शन आलं.

उपाय सरळ होता. रेडिएटरच्या पुढे दुसरा पंखा. नवरा सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे त्याला त्यात लगेच आर्डुइनो आणि मोबाइल ॲप दिसायला लागलं. मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला.

बाबा नाना पेठेत ऑटो इलेक्ट्रिशियन. खंडाळ्याच्या घाटात उकळलेल्या फियाटच्या गोष्टींवर आम्ही वाढलो. दादाला त्यांनी पाचवीपासून दुकानात बसवलं. मी फक्त डबा पोचवायचे. ‘हात काळे करायला शिकवलं का तुला?’ असं म्हणत मला मास कॉमला घातलं. दादा आज बँकेत आहे. दुकान २०२०च्या लॉकडाऊनमध्ये बंद झालं ते पुन्हा उघडलंच नाही. तेव्हापासून फोनवर बाबांचं एकच वाक्य असायचं, ‘जेवलीस का? घे, आईशी बोल.’

त्या रविवारी ते एक तास चाळीस मिनिटं बोलले.

‘जावईबापूंना म्हणावं, ते काँप्युटर-बिंप्युटर राहू दे. ज्याला डोकं नसतं ते बिघडत नाही.’ मग ऑर्डरी सुटल्या. पंखा थेट स्विचवर टाकायचा नाही, रिले लावायचा. बॅटरीतून वायर निघाली की लगेच फ्यूज, मग रिलेची ३० नंबरची पिन, आणि ८७मधून पंख्याला. ८६ला इग्निशनचा करंट, ८५ रेडिएटरच्या थर्मो स्विचला. पाणी तापलं की तो अर्थ देणार आणि रिले ओढणार. स्विच दोन टप्प्यांचा घेतला: पहिला पंखा ९२ अंशांना, दुसरा ९९ला. दोन्ही एकदम सुरू झाले तर बॅटरीला झटका बसतो.

‘फ्यूज किती टाकू? पंखा आठ अँपिअर घेतो.’

‘पंधराचा. वायर केवढ्याची?’

‘पंचवीसची.’

‘मग बरोबर. फ्यूज पंख्यासाठी नसतो गं, वायरसाठी असतो.’ अख्ख्या मास कॉमच्या कोर्समध्ये इतकं स्वच्छ वाक्य मी ऐकलं नव्हतं.

‘आता काळी वायर बॉडीला अर्थ मार.’

‘बाबा, बॉडी फायबरची आहे.’

पलीकडे शांतता. मग ते मोठ्यानं हसले. चार वर्षांत पहिल्यांदा. ‘अगं, मग चासीला! आणि आधी रंग खरवड. रंगावर अर्थ लागत नाही.’ मी पॉलिश पेपरनं चमकेपर्यंत घासलं. नखं पार काळी. ती कॅमेऱ्यासमोर धरली, तर म्हणाले, ‘लग नीट दाबलास का? ओढून दाखव.’ ओढून दाखवला. निघाला नाही.

वायर उलटी लागली की पंखा उलटा फिरतो, आणि समोरचा पंखा हवा बाहेर फेकायला लागला तर मागच्याशी त्याची मारामारी. त्यासाठी बाबांची टेस्ट होती उदबत्तीची. देवघरातली एक लावली, नाकासमोर धरली. धूर सरळ आत गेला. नवऱ्यानं नमस्कार केला, उदबत्तीला की सासऱ्यांना, ते कळलं नाही.

आयव्हीएच्या दिवशी पाऊस होता. इंजिन बराच वेळ उभ्या जागी चालू. पहिला पंखा लागला, काटा तरी चढत राहिला, मग ‘टक्’ करून दुसरा रिले बसला आणि काटा थांबला. इन्स्पेक्टरला त्यात काहीच इंटरेस्ट नव्हता. त्यानं गाडी फेल केली ती एका आरशाच्या धारदार कडेसाठी! ती आठवडाभरात बदलली आणि रीटेस्टला पास.

बाबांना फोटो पाठवला. मला वाटलं, आता कौतुक येणार. रिप्लाय आला : ‘वायरवर स्लीव्ह कुठे आहे? पावसाचं पाणी जाईल. संध्याकाळी फोन कर.’