हरळीवरचे लोखंड

हरळीचे आणि कृष्णाकाठच्या शेतकऱ्याचे वैर जुने. वरून कापावी तर दुप्पट जोमाने फुटते, उन्हाने पिवळी पडते पण मरत नाही, आणि जमिनीखाली तिच्या काशा हातपाय पसरत राहतात. गणपतीच्या तबकात हिलाच दूर्वा म्हणून मान मिळतो. उसात, हळदीत दिसली की शिवी. वनस्पतिशास्त्र हा भेद मानत नाही. त्याच्या दप्तरी ती दोन्हीकडे सायनोडॉन डॅक्टिलॉनच.

कुंडलजवळच्या एका गावात 1960 च्या दशकात जन्मलेला आणि आज साताऱ्यापासून सांगलीपर्यंत बागांची कंत्राटे घेणारा एक माळी सध्या यंत्र शोधतो आहे. यंत्राचे नाव स्कॅरिफायर. दिसायला गवत कापायच्या यंत्रासारखे, पण पोटात आडव्या पात्याऐवजी एका दांड्यावर ओळीने बसवलेली उभी पाती. ती वेगाने फिरतात आणि लॉनच्या अंगात चिरा पाडत आतली मेलेली काशाकुळी ओढून बाहेर फेकतात. इंजिन किती ताकदीचे आणि किंमत किती, हे दुकानदार सांगतो. हरळीला किती दुखवायचे, हे मात्र माळ्याला कॅटलॉगात सापडत नाही, आणि त्याचा खरा प्रश्न तोच आहे.

दुखवण्याचे शिक्षण त्याला लहानपणीच मिळाले. उन्हाळ्यात रान नांगरले की ढेकळांतून काशा वर येत. मग कुळव फिरे आणि घरातली सगळी पोरे, बायका पाट्या घेऊन काशा वेचायला रानात उतरत. वेचलेले बांधावर रचून वाळवायचे नि पेटवून द्यायचे. एक कांडे मातीत राहिले तरी पावसाळ्यात तिथे हिरवा ठिपका उगवे, आणि ती सरी कोणाच्या वाट्याची होती याचा शोध घरात सुरू होई.

त्याच्या गावापासून हाकेच्या अंतरावर किर्लोस्करवाडी. हे गाव तर नांगरानेच वसवले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात 1903 च्या सुमारास परदेशी नांगर समोर ठेवून आपला लोखंडी नांगर घडवला. शेतकरी त्याला हात लावीनात. लोखंडाने जमीन नासते, अशी त्यांची समजूत. सुरुवातीचे मोजके नांगर खपायला दोन वर्षे गेली. पुढे बेळगावची जागा सोडायची वेळ आली, तेव्हा औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा निवडुंगाने भरलेला माळ देऊ केला. 1910 मध्ये तिथे कारखाना आणि वसाहत उभी राहिली. औंध आज सातारा जिल्ह्यात आणि तो माळ सांगली जिल्ह्यात. तेव्हा दोन्ही एकाच संस्थानचे. 1920 साली याच वाडीतून ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघाले. नांगराच्या कारखान्याने मराठी वाचकाला मासिक द्यावे, हा योग दुसरीकडे सहसा सापडणार नाही.

लाकडी नांगर जमीन ओरखडतो, उलटवत नाही. हरळीला त्याने फारसे काही होत नाही; उलट काशांचे तुकडे होऊन ती चार जागी रुजते. लोखंडी नांगराचा फाळ खोल जातो आणि त्याची फळी मातीची कूस पालटते. काशा मे महिन्याच्या उन्हाला उताण्या पडतात. सहा-आठ बैल जुंपून लोकांनी तो नांगर ओढला, तो काही हौस म्हणून नव्हे. ज्या रानात हरळी आणि कुंदा माजला ते रान पडीक टाकावे लागे, आणि हे लोखंड ते परत मिळवून देई.

विलायतेत मात्र हेच लोखंड फार लवकर दुसऱ्या कामाला लागले होते. इंग्लंडातल्या ग्लॉस्टरशरमध्ये एडविन बडिंगने 1830 मध्ये गवत कापायचे पहिले यंत्र काढले. लोकरी कापडावरची लव छाटणारी गिरणीतली यंत्रे पाहून त्याला ही कल्पना सुचली. दोनच वर्षांनी ते बनवायचा परवाना इप्सविचच्या रॅन्सम्स कंपनीने घेतला, आणि या कंपनीचे नाव होते ते नांगरांसाठी. गवताचा वैरी आणि गवताचा न्हावी एका छपराखाली तयार होऊ लागले.

आपल्या माळ्याची या न्हाव्याशी गाठ पडली ती पाचगणीत. दहावीनंतर घरी काम नव्हते. मामा तिथे एका बंगल्यावर माळीकाम करीत, त्यांच्या हाताखाली तो गेला. पहिल्याच आठवड्यात मामांनी त्याला दोरी लावून गवताच्या काड्या टोकायला बसवले. काड्या हरळीच्या.

“मामा, ही लावायची?”

“लावायची, रोज पाणी घालायचं आणि कुणी पाय दिला तर ओरडायचं. पगार त्याचाच आहे.”

घरी काशा वेचून पाठ मोडलेल्या पोराला हे पचायला वेळ लागला. पण हात तयार होते. काशी कुठल्या डोळ्यातून फुटेल, किती खोल पुरली तर सडेल, उन्हात किती वेळ तग धरेल, हे त्याला मारून मारून माहीत झालेले. वैर करता करता माणूस शत्रूला जितका ओळखतो तितका मित्राला ओळखत नाही, आणि या ज्ञानावर पुढे त्याचा धंदा उभा राहिला.

महाबळेश्वर-पाचगणीच्या बागांना तशी परक्या हातांची परंपरा आहे. एकोणिसाव्या शतकात महाबळेश्वरी चिनी आणि मलायी कैद्यांचा तुरुंग होता, आणि इथल्या भाजीपाल्याच्या बागाइतीला त्या कैद्यांचे हात लागले. कुंडलकडच्या पोराने तिथे हरळी लावावी, यात नवल काही नाही.

1990 नंतर महामार्गाच्या दोन्ही बाजूंना ‘मंगल कार्यालय व लॉन्स’ अशा पाट्या लागू लागल्या. उसाचा पैसा, गाड्या, हजार-दोन हजार माणसांची लग्ने. बंद हॉलपेक्षा मोकळ्या हिरवळीवरचे रिसेप्शन झोकदार दिसते. नर्सऱ्यांतून ‘सिलेक्शन नंबर वन’, ‘मेक्सिकन’, ‘कोरियन कार्पेट’ अशी नावे ऐकू येऊ लागली. पहिली हरळीच, बारीक पानाची. बाकीच्या दोन झॉयसिया कुळातल्या. पायाखाली मऊ, वाढीला मंद आणि गादी जमवण्यात पटाईत.

ही गादी म्हणजे या धंद्यातले खरे दुखणे. हिरवे पान आणि माती यांच्यामध्ये मेलेल्या काशा, खोडे, मुळे यांचा तपकिरी थर साचत जातो. कापलेल्या पानांमुळे तो होतो असे मालकांना वाटते, पण पाने लवकर कुजतात. चिवट काशा आणि खोडे कुजत नाहीत. त्यात लॉन हिरवेगार दिसावे म्हणून युरिया मारायचा, रोज संध्याकाळी वरवर पाणी शिंपायचे, किडीच्या औषधाने गांडुळेही घालवायची. म्हणजे गादी भरणारे सगळे आणि तिला खाणारे कोणी नाही. खुरप्याने पाचर कापून बघावे: थर अर्ध्या इंचापर्यंत असला तर चांगलाच, तो ओल धरतो आणि पायांचा मार सोसतो. पाऊण इंचाच्या वर गेला की पाणी खाली मुरत नाही, मुळे मातीत न जाता गादीतच फिरतात, आणि एप्रिलच्या उन्हात लॉन चकत्याचकत्यांनी पिवळे पडते. मालक म्हणतो, पाणी वाढवा.

इतकी वर्षे हे काम दंताळ्याने झाले. लहान बंगल्यापुढे अजूनही तेच बरे. एकरभर लॉनवर मात्र दंताळे ओढायला माणसे मिळत नाहीत, मिळाली तर दुपारी खांद्यातून जातात. म्हणून यंत्र.

यंत्रांचे तीन प्रकार त्याच्या नजरेसमोर आहेत. स्प्रिंगच्या काट्यांचे यंत्र हलके आणि स्वस्त. वरचे शेवाळ, सुटे गवत छान ओढते. पण आडव्या धावणाऱ्या हरळीच्या काशांत हे काटे अडकतात आणि कापण्याऐवजी जिवंत गवतच मुळासकट उपटतात. घट्ट बसवलेल्या पात्यांचे यंत्र काशा सरळ कापते. कापलेल्या प्रत्येक पेरातून हरळी पुन्हा फुटते, म्हणजे शेतातला तिचा दुर्गुण इथे उपयोगी पडतो. सांगली-मिरजेकडच्या बिनदगडी काळ्या जमिनीला हेच योग्य. महाबळेश्वरच्या जांभ्यात मात्र खडा लागला की पाते तुटते किंवा दांडा वाकतो. तिथे बिजागरीवर झुलणारी, दगड लागला की मागे हटणारी पाती हवीत. काप थोडा कमी स्वच्छ येतो, पण तो हंगामभर येत राहतो.

रोजच्या कामाला खोलीचा खटका मिलिमीटरच्या हिशेबाने हलला पाहिजे, कारण पहिल्या फेरीत पात्यांनी जेमतेम मातीला शिवायचे, दुसरी फेरी आडवी घ्यायची, आणि झॉयसियाला एवढेही वर्षातून एकदाच. ती सावकाश भरते. पुढे लावलेल्या गवताच्या पेटीवर पैसे घालू नयेत. ती दोन ओळींत भरते आणि माणूस रिकामी करत बसतो. मागून दंताळे घेऊन दोघे चालले तर काम लवकर होते. पाती झिजल्यावर कुपवाडच्या एखाद्या वर्कशॉपात तशीच दुसरी करून मिळतील का, हे दांडा मोजूनच विचारावे. बेअरिंगचा नंबर बाजारातला असावा. चकचकीत यंत्र एका बेअरिंगपायी महिनाभर आडवे पडलेले त्याने पाहिले आहे.

बाहेरच्या माहितीपुस्तकांत लिहिलेले असते, हे काम सप्टेंबरात करा. ते थंड मुलखातल्या राय आणि फेस्क्यू गवतांसाठी खरे; ती थंडाव्यात वाढतात. हरळी उष्णतेची. तिला ऊब आणि ओल एकत्र मिळते तेव्हाच, म्हणजे जून-जुलैत, जखमा भरून काढायचा जोर तिच्यात असतो. डिसेंबरात चिरली तर लॉन फेब्रुवारीपर्यंत भकास दिसते. महाबळेश्वरला हेही चालत नाही. तिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, उतारावर चिरलेली माती टिकणार कशी? तिथे एप्रिल-मे, हाताशी पाणी असेल तर.

सातारा, कराड, सांगलीच्या लॉन्सना मात्र पंचांगच मदत करते. आषाढी एकादशीनंतर लग्ने थांबतात ती कार्तिकीपर्यंत. इतर वेळी तीन आठवडे तपकिरी लॉन कोणताही मालक सहन करणार नाही. चातुर्मासात तो स्वतःच म्हणतो, करा काय करायचे ते. नेमके तेच दिवस हरळीच्या वाढीचे. पावसाची दोन-तीन दिवसांची उघडीप तेवढी गाठावी लागते, कारण ओल्या काळ्या मातीत पाती गाळाचे गोळे वळत बसतात.

नदीकाठच्या लॉन्सची गोष्ट वेगळी. 2019 च्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी 57 फुटांवर गेले. धोक्याची पातळी 45 ची. अशा पुरानंतर लॉनवर गुळगुळीत गाळाचा पापुद्रा बसतो आणि वाळला की चिनी मातीसारखा कडक होतो. स्कॅरिफायर तो पापुद्रा फोडतो, पण खालच्या घट्ट मातीला हवा द्यायची तर पोकळ नळ्यांनी भोके पाडणारे यंत्र वेगळे लागते. एकाच यंत्रात दोन्ही होते असे विक्रेता म्हणाला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

शेवटी त्याने घट्ट पात्यांच्या यंत्रावर बोट ठेवले आहे. काम सांगलीकडे जास्त. वरच्या बंगल्यांसाठी झुलत्या पात्यांचा दुसरा दांडा याच यंत्रात बसतो.

आता अडचण उरली ती निघणाऱ्या मालाची. एकरभर लॉनमधून ट्रॉल्या भरून काशा निघतात, आणि त्यातली निम्मी जिवंत. गावाकडे धाकटा भाऊ अजून ऊस करतो. त्याने स्वच्छ सांगून टाकले, “दादा, बाकी काय पण आण, ते आपल्या उकिरड्यात नको.” कच्च्या खतातून हरळी शेतात जाते, हे त्याला कुणी शिकवायला नको. काशा कडकडीत वाळल्या तर धोका नाही, पण आषाढात वाळवणार कुठे? एका कार्यालयाच्या मालकाशी बोलणे चालू आहे. त्यांचा जेवणाचा हॉल चार महिने रिकामा असतो, फरशी आहे, वर पंखे आहेत. मालकाची अट एवढीच, की वीजबिल माळ्याने भरायचे आणि कार्तिकीच्या आधी हॉल धुऊन द्यायचा.