वाक्यपृथक्करणाचा उपयोग काय?

मराठीच्या तासाला ‘वाक्यपृथक्करण’ हा शब्द फळ्यावर लिहिला कीं मागच्या बाकांवरून एक दीर्घ सुस्कारा ऐकूं येतो. गेलीं वीस वर्षें मी तो ऐकत आलों आहें. या विषयाचा व्यवहारांत उपयोग काय, असें पालक विचारीत, तेव्हां खरें सांगावयाचें तर मजजवळ समाधानकारक उत्तर नसे. तें मला गेल्या दिवाळींत मिळालें; आणि तेंही अशा विद्यार्थ्याकडून, कीं ज्याच्यावर मीं याच विषयांत एकदां अन्याय केला होता.

तो आठवींत होता तेव्हांची गोष्ट. परीक्षेंत पृथक्करणासाठीं मीं एक वाक्य घातलें होतें : ‘मीं सदूला धांवतांना पाहिलें.’ या मुलानें दोन उत्तरें लिहिलीं. एकांत धांवणारा सदू होता, दुसऱ्यांत धांवणारा ‘मी’. दुसऱ्या उत्तरावर मीं लाल रेघ ओढली, ‘एकच उत्तर लिहावें’ असा शेरा मारला आणि दोन गुण कापले. त्यानें क्षणभर माझ्याकडे पाहिलें, पण तो कांहीं बोलला नाहीं.

आतां तो पुण्यास संगणकाचे प्रोग्राम लिहितो. आपणां अमळनेरकरांस या धंद्याचें नवल वाटावयास नको. १९४५ सालीं मोहम्मद हाशम प्रेमजी यांनीं वनस्पती तुपाच्या धंद्यासाठीं येथें जी कंपनी काढली, तीच पुढें विप्रो या नांवानें संगणकाच्या क्षेत्रांत जगभर पोहोंचली. असो.

दिवाळींत तो भेटावयास आला तेव्हां मीं विचारलें, “तुझें काम तरी कोणतें?”

“सर, मी सूची करणारें साधन तयार करतों.”

मोठ्या प्रोग्रामांत लाखों ओळी असतात. लिनक्ससारख्यांत तर कोट्यवधि. त्यांतील एखादें नांव मुळांत कोठें ठरविलें आणि पुढें कोठें कोठें वापरलें, हें क्षणांत सांगणारी सूची नसेल, तर काम करणारा माणूस त्या अरण्यांत हरवून जाईल. अशी सूची आपोआप करणारें ‘सीटॅग्ज’ नांवाचें साधन अमेरिकेंत केन अर्नोल्ड यांनीं १९८० च्या सुमारास तयार केलें, आणि त्याचे सुधारलेले अवतार आजही वापरांत आहेत.

मीं म्हटलें, “यांत अवघड तें काय? अक्षरें जुळवून पाहिलीं कीं झालें!”

“सर, एखाद्या मराठी पुस्तकांत ‘कर’ हा शब्द असा शोधून पाहा. ‘भाकर’ सांपडेल, ‘नोकर’ सांपडेल, ‘लवकर’ही सांपडेल. सुटा ‘कर’ मिळाला, तरी तो नगरपालिकेचा कर, कीं हात, कीं ‘अभ्यास कर’ यांतील क्रियापद?”

मला पवित्र शास्त्राच्या शब्दसूचीची आठवण झाली. अलेक्झांडर क्रूडन यांनीं १७३७ सालीं इंग्रजी पवित्र शास्त्राची अशी सूची प्रसिद्ध केली. अशा सूचींत ‘याकोब’ हें नांव पाहावयाचें, तर जब्दीचा मुलगा याकोब निराळा आणि अल्फीचा मुलगा याकोब निराळा, हें ओळखावें लागतें. तो म्हणाला, “आमच्याकडेही तसेंच. एकच नांव दोन विभागांत असतें. कोणतें कोणत्या घरचें, हें सूचींत आलें पाहिजे.”

मग त्यानें रीत सांगितली. साधन प्रथम पदच्छेद करतें. त्यांत लेखकानें स्वतःसाठीं लिहिलेल्या टिपा आणि अवतरणचिन्हांतील मजकूर बाजूस पडतो. मग व्याकरणाच्या नियमांनीं वाक्याचे भाग पाडून त्यांचा वंशवृक्षासारखा एक वृक्ष मांडतें. संगणकाच्या भाषांचे असे नियम लिहिण्याची सुटसुटीत पद्धत जॉन बॅकस यांनीं १९५९ सालीं मांडली. ती पाणिनीच्या रीतीशीं इतकी जुळते, कीं तिला ‘पाणिनि-बॅकस’ असें नांव द्यावें, अशी सूचना पीटर इंगरमन यांनीं १९६७ सालीं केली होती.

“तरीही एके ठिकाणीं साधन अडतें,” असें म्हणून त्यानें कागदावर लिहिलें : ‘अ * ब’. सी नांवाच्या भाषेंत याचे दोन अर्थ होतात. ‘अ’ ही संख्या असेल तर हा गुणाकार. परंतु ‘अ’ हें एखाद्या जातीचें नांव असेल, तर येथें ‘ब’चा जन्म होत आहे, त्या जातीच्या वस्तूचा पत्ता ठेवण्यासाठीं हें नवें नांव योजिलें आहे, असा अर्थ. पहिल्या अर्थानें ‘ब’ची नोंद ‘वापर’ म्हणून, दुसऱ्या अर्थानें ‘जन्म’ म्हणून. मागें ‘अ’ची ओळख कशी करून दिली आहे, हें पाहिल्यावांचून निर्णय करतां येत नाहीं. न पाहतां केला, तर सूची खोटी ठरते.

तो कागद पाहतां पाहतां मला सदू आठवला. मागचें पुढचें वाक्य न देतां मीं तो प्रश्न घातला होता. उणीव प्रश्नांत होती, आणि ती दाखविणाऱ्याचेच मीं गुण कापले होते! मीं त्याच्यापाशीं चूक कबूल केली. तो हंसून म्हणाला, “सर, दोन गुण गेले, पण तें वाक्य ध्यानांत राहिलें.”

विद्यार्थिमित्रहो, वाक्यपृथक्करणाचा उपयोग काय, हें आतां तुम्हांस वेगळें सांगावयास नको. मात्र एका उपयोगाची नोंद मला माझ्यापुरती केली पाहिजे. यंदा उत्तरपत्रिका तपासतांना लाल रेघ ओढण्यापूर्वीं माझा हात थांबतो; आणि मी मुलाला जवळ बोलावून विचारतों, “तूं हें वाक्य कसें वाचलेंस?” पालकांनींही घरीं हाच प्रश्न एकदां विचारून पाहावा.