नव्वद रुपयांची बाकी

मे महिन्यातली दुपार. मी एका इमारतीच्या गच्चीवर, टाकीच्या झाकणापाशी बसून पोरांना आत ब्रश कुठे मारायचा ते सांगत होतो, तेवढ्यात सोसायटीच्या खजिनदारांचा फोन. आवाजावरूनच कळलं की बिनसलंय.

"अहो, नव्वद रुपयांसाठी हा सहावा मेसेज आहे तुमचा. पंधरा वर्षं तुमच्याकडून काम करून घेतोय आम्ही. तोंडाने सांगितलं असतंत तर खिशातून काढून दिले असते."

मी काहीच पाठवलं नव्हतं. पाठवत होतं ते कंप्युटर. गच्चीवर उन्हात उभं राहून त्यांची माफी मागितली, पण कशाची मागतोय ते मलाही संध्याकाळपर्यंत उमगलं नव्हतं.

आमचा धंदा पाण्याचा. डोंबिवलीत घरोघरी फिल्टर, आरओ यांची देखभाल आणि सोसायट्यांच्या टाक्या नि पंप. घरगुती गिऱ्हाइकं एकशेऐंशीच्या आसपास, सोसायट्या चौदा. घरामागे महिन्याला 300 रुपये, त्यावर अठरा टक्के जीएसटीचे 54, म्हणजे 354. सोसायट्यांचे आकडे मोठे, पण बिल दर महिन्याला ठरलेलंच. तेच नाव, तीच रक्कम, फक्त तारीख वेगळी. हे असलं काम माणसाने हाताने करू नये हे मला कळायला वीस वर्षं लागली.

कारण बिलबुक होतं. कार्बन घालून दोन प्रती, वरची गिऱ्हाइकाला, खालची आपल्याला. महिनाअखेरीला जेवणं झाली की ही आणि मी समोरासमोर बसायचो. ती नावं वाचायची, मी लिहायचो. साठ-सत्तर बिलं झाली की बोट आखडायचं, मग "उरलेली उद्या". तो उद्या कधी पाच तारखेला उजाडायचा, कधी बारा. आणि पंचवीस तारखेला मी सगळ्यांना सांगत फिरायचो की लोक हल्ली वेळेवर पैसे देत नाहीत.

ऑनलाइन पैसे आले तेव्हा वाटलं, सुटलो. नोटाबंदीनंतर हळूहळू पोरांच्या गळ्यातच क्यूआर कोडचं कार्ड आलं. सुट्ट्यांची कटकट गेली, पण हिशेबाची वाढली. बँकेच्या स्टेटमेंटात ओळीने तीच ती रक्कम. पुढे बारा आकडी नंबर आणि एक नाव, तेही गिऱ्हाइकाचं असेलच असं नाही. काकूंचं बिल बंगलोरचा मुलगा भरणार, काकांचं सून भरणार. एका रविवारी मी पट्टी घेऊन स्टेटमेंट आणि वही जुळवत बसलो, तर नऊ जणांचे पैसे आलेले आणि कुणाचे ते ठाऊक नाही. त्या नवातल्या चौघांकडे मी आदल्याच आठवड्यात पैसे मागून आलो होतो. रोख होती तेव्हा निदान देणाऱ्याचा चेहरा लक्षात राहायचा.

भाची आली होती सुट्टीला. कंप्युटरच्या कंपनीत कामाला आहे. माझी पट्टी बघून तिला हसू आवरेना. म्हणाली, "मामा, एप्रिलपासून नवीन बिल नंबर सुरू करायचेच आहेत ना, मग तेव्हापासून हे बंद." तो 2023 चा मार्च होता.

तिने तीन प्रकार केले. घरगुतीपैकी जे तयार होतील त्यांना यूपीआय ऑटोपे. गिऱ्हाइकाने एकदा आपला पिन टाकून परवानगी द्यायची, मग दर महिन्याच्या पाच तारखेला 354 आपोआप. पंधरा हजारांपर्यंत दर खेपेला पिन लागत नाही, आपलं तर साडेतीनशेचं काम. जे ऑटोपेला तयार नाहीत त्यांना बिलाबरोबर लिंक. त्या लिंकवरून कुणीही भरलं, अगदी दुबईच्या जावयाने भरलं, तरी पैसे त्याच बिलावर जमा दिसणार. आणि सोसायट्यांना प्रत्येकी एक वेगळा खातेक्रमांक. खरं खातं माझं एकच, पण प्रत्येक सोसायटीने आपापल्या नंबरावर पाठवायचे. पैसे माझ्याच खात्यात येतात आणि नंबरावरून कळतं कुणाचे. ही तिसरी युक्ती मला सगळ्यांत आवडली. लग्नाच्या आहेराच्या पाकिटावर नाव लिहावं तसं.

हे सगळं तिने दोन दिवसांत मांडलं. तिसऱ्या दिवशी ती वही उघडून मला प्रश्न विचारायला बसली, तिथे गाडी अडली.

"मामा, यांच्यापुढे 350 का लिहिलंय?"

"वरचे चार रुपये सोडतो. सुट्टे कुठे मागत बसायचं?"

"सगळ्यांचेच?"

सगळ्यांचेच. तिने तिथल्या तिथे गुणाकार केला. एकशेऐंशी घरांचे चार-चार म्हणजे महिन्याला 720, वर्षाला 8,640. वर बिल 354 चं असल्यामुळे त्यावरचा कर मी पूर्ण भरत होतो. मी तिमाही रिटर्नवाला, तरी तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचा कर पुढच्या महिन्याच्या 25 तारखेपर्यंत सरकारकडे जावाच लागतो; गिऱ्हाइकाने पैसे दिले का, हे तिथे कुणी विचारत नाही. बिल फाडलं की कर लागू. म्हणजे माझं "जाऊ दे" माझ्याच खिशातून जात होतं.

आणि असली "जाऊ दे" वहीत पानोपानी. हे काका सहा महिने मुलाकडे अमेरिकेला जातात, तेव्हा त्यांचं बिल लावत नाही. या ताईंचा फिल्टर दोनदा गळला म्हणून एक महिना माफ. ही शिक्षिका, हिला पन्नास कमी, का ते आता आठवत नाही. हे सगळं माझ्या डोक्यात होतं आणि डोक्यात असेपर्यंत ते मला स्वभावाचा चांगुलपणा वाटायचं. भाची म्हणाली, "कंप्युटरला 'जाऊ दे' कळत नाही. किती, कुणाला, कधीपर्यंत, ते सांग." खरं सांगतो, त्या दिवशी मला थोडा रागच आला तिचा. आपण आपल्या माणसांशी कसं वागतो ते असं तक्त्यात भरायचं? पण भरलं. घर महिन्याहून जास्त बंद राहणार असेल आणि आधी कळवलं असेल तर त्या काळाचं बिल नाही. बिघाडाची माफी एका महिन्याच्या रकमेपर्यंत, आणि कारण लिहायचं. शिक्षिकेचे पन्नास तसेच ठेवले. कारणाच्या रकान्यात ‘जुनं’ असं लिहिलं.

एक एप्रिलला पहाटे बिलं आपोआप जायची होती. मला रात्री झोप लागेना. सहा वाजता उठून बघितलं तर पडदा नुसता फिरतोय. नेट स्लो. मला वाटलं, गेली नाहीत. बाजूला एक बटण होतं, ते दाबलं.

एकशे त्र्याण्णव बिलं दोनदा गेली. एक घर वाचलं कारण त्यांचा नंबरच चुकीचा होता.

सात वाजल्यापासून फोन सुरू. भाची फोनवर शांतपणे म्हणाली, दुसरी खेप डिलीट करू. मी आमच्या सीएंना विचारलं तर ते ओरडलेच. बिलाचे नंबर ओळीने लागतात, मधले गाळून चालत नाही; रद्द केलेल्या बिलांचा आकडासुद्धा रिटर्नमध्ये दाखवावा लागतो. तेव्हा नंबर पुसायचे नाहीत, त्यावर ‘रद्द’ लिहायचं आणि गिऱ्हाइकाला कळवायचं. नवीन आर्थिक वर्षाचा पहिला दिवस मी असा साजरा केला. त्यानंतर ते बटण भाचीने माझ्या पडद्यावरून काढून टाकलं. अजून परत दिलेलं नाही.

ऑटोपेची गंमत चार तारखेला. पैसे कापायच्या किमान चोवीस तास आधी सूचना गेलीच पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि चांगलाच आहे. पण ती बँकेची सूचना इंग्रजीत येते आणि त्यात "डेबिट" एवढाच शब्द लोकांना ठळक दिसतो. सत्तरएक घरांनी ऑटोपे घेतलं होतं; त्यातल्या अकरा जणांनी पाच तारखेच्या आत परवानगी रद्द करून टाकली. कुणीतरी खात्यातून पैसे काढतंय म्हणून एक आजोबा थेट बँकेत जाऊन आले. मग आम्ही तीन तारखेला आपला स्वतःचा मराठी मेसेज सुरू केला: उद्या बँकेचा मेसेज येईल, तो आमच्याच 354 रुपयांचा आहे. फोन जवळजवळ थांबले. चौथ्या मजल्यावरच्या एक काकू मात्र तीनदा परवानगी देऊन तीनदा रद्द करून बसल्या. शेवटी म्हणाल्या, "बाबा रे, मला विचारल्याशिवाय माझे पैसे कुणी न्यावेत हे मला पटतच नाही." याला उत्तर नाही. त्या लिंकवर गेल्या आणि दर महिन्याच्या दोन तारखेला, सगळ्यांच्या आधी, भरतात.

रोखीचे वीसेक उरले. तिथे वेगळंच निघालं. एका ताईंना कंप्युटरकडून बाकीची आठवण करून देणारा मेसेज गेला आणि त्यांनी उलट मेसेज केला, "पैसे तुमच्या मुलाकडे देऊन नऊ दिवस झाले." माझ्या दोन पोरांपैकी एकजण जमा झालेली रोख आठ-दहा दिवस वापरायचा आणि पगार झाला की भरायचा. वहीत हे कधी दिसलं नसतं, कारण वहीच महिन्याने भरली जायची. त्याला बसवून विचारलं, त्याची अडचण कळली, उचल दिली. आता रोख घेतली की गिऱ्हाइकासमोरच मोबाइलवर टिचकी मारायची, पावती तिथल्या तिथे जाते. पुढचं मी इथे लिहीत नाही, तो अजून माझ्याकडेच आहे.

सोसायट्यांच्या चेकपुढे मात्र कंप्युटरचंही काही चालत नाही. चेकवर दोन सह्या लागतात, आणि गणपतीत दोन सह्या एका गावात नसतात. "चेक तयार आहे, सेक्रेटरी कोकणात गेलेत" हे वाक्य मी वीस वर्षं ऐकतोय. भाचीला सांगून त्या दिवसांत आठवणींना सुट्टी देऊन टाकली. लोक नैवेद्याच्या घाईत असताना बाकीचा मेसेज बरा दिसत नाही.

आता नव्वद रुपये. त्या संध्याकाळी मी ते बिल उघडलं. काम 9,000, जीएसटी 1,620, एकूण 10,620. जमा 10,530. कंप्युटर म्हणतंय 90 बाकी. पुढच्या महिन्याचेही 90, म्हणजे 180. मी सीएंना म्हटलं, हे काय कापताहेत? ते म्हणाले, "टीडीएस."

आमच्या धंद्यात टीडीएस म्हणजे पाण्यातले विरघळलेले क्षार. खिशात त्याचं मीटर घेऊन मी हिंडतो, पिण्याच्या पाण्यात लिटरला 500 मिलिग्रॅमच्या आत असावेत हे झोपेतही सांगेन. हा दुसरा टीडीएस सीएंनी समजावला. वर्षाला एक लाखाच्या वर ठेक्याचे पैसे देणाऱ्या सोसायटीने माझ्यासारख्या एकट्या ठेकेदाराचा एक टक्का कापून आयकर खात्यात माझ्या नावे भरायचा. तोही जीएसटी सोडून, म्हणजे 9,000 वर 90. खजिनदार बरोबर होते. वर्षानुवर्षं ते कापत असणार, मी "थोडे कमी आलेत, जाऊ दे" म्हणून वहीत बिल पूर्ण मांडत असणार, आणि तो कर रिटर्नमध्ये परत मागायचा असतो हे कुणी मला सांगितलं नसणार. सीएंना मी कधी स्टेटमेंटच पूर्ण दिलं नव्हतं, त्यांचा काय दोष?

खजिनदारांकडे पेढे घेऊन गेलो. ते हसले. बिलात टीडीएसचा रकाना आला, आठवणी थांबल्या. वर्षभर एक शब्द नाही.

पुढच्या जूनमध्ये सीएंनी माझ्या पॅनवरचं करखात्याचं विवरण काढून दिलं. त्या सोसायटीच्या नावापुढे बाराऐवजी नऊच महिन्यांचे नव्वद होते. जानेवारी ते मार्चचं त्यांचं टीडीएस रिटर्न भरलेलंच नव्हतं. दोन दिवस मी फोनकडे नुसता बघत होतो. तिसऱ्या दिवशी लावला.

"साहेब, जरा अवघड आहे बोलायला. दोनशे सत्तर रुपयांचं आहे."

पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाले, "सहा मेसेज पाठवा."

पाठवायची वेळ आली नाही. पण ‘टीडीएस जमा’ असा आणखी एक रकाना भाचीने त्या रात्री वाढवला, आणि त्यावर आठवण लावू का म्हणून विचारलं. मी म्हटलं, गणपती होऊ दे.