नाकाचा निवाडा

मांस टिकलें कीं नासलें, हें ठरविण्याचें काम मनुष्यानें फार प्राचीन काळापासून नाकाकडे सोंपविलें आहे. नाक सेवक इमानी खरें. पण त्याचें ज्ञान तोकडें. मांसाला आंबूस वास येतो, वर बुळबुळीतपणा चढतो, ही मुख्यतः कुजविणाऱ्या जंतूंची करणी. रोग आणणारे जंतु बहुधा निराळे असतात. वास, रंग, चव यांपैकीं कशालाहि धक्का न लावतां ते आपलें काम उरकूं शकतात. १८९५ सालीं बेल्जममधील एलेझेल गांवीं वाजंत्री मंडळींनीं खारवलेलें डुकराचें मांस खाल्लें. तें कुजलेलें दिसत नव्हतें, तरी तिघे दगावले. पुढें त्याच मांसांत फान एर्मेंगेम या शास्त्रज्ञास बॉट्युलिझमचा जंतु सांपडला.

आमच्या घरीं हें न्यायासन मातोश्रींचें. वय ऐंशीपुढें. उरलेल्या मटणाचें पातेलें नाकाशीं धरून त्या "चांगलं आहे रे" म्हणत, आणि त्यावर अपील चालत नसे. वयाबरोबर घ्राणशक्ति मंदावते, हें त्यांना कोणत्या तोंडानें सांगावें? ज्यांनीं १९७२ चा दुष्काळ पाहिला, त्यांस रस्सा ओतून देणें पाप वाटणारच. परंतु घरांत दीड वर्षांची नात आहे. आणि विषबाधा लहानांस व वृद्धांस अधिक बाधते, म्हणजे मातोश्रींसहि.

नियम तसा सोपा आहे. शिजविलेलें मांस दोन तासांच्या आंत, आणि हवा ३२ अंशांवर गेली असेल तर तासाभरांतच, फ्रीजमध्यें जावें. फ्रीज ४ अंशांवर चढूं नये. आणि तेथेंहि मुदत तीन-चार दिवसांचीच. "पुन्हां उकळूं" हा युक्तिवाद लंगडा आहे. कारण उकळीनें जंतु मेले, तरी कांहींचें विष मागें उरतें.

यास्तव आम्ही मातोश्रींच्या नाकाशीं वाद न घालतां डब्याच्या झांकणावर तारीख लिहूं लागलों. प्रथम त्या हंसल्या. आतां "कधीचं रे हें?" असें आधीं विचारतात, आणि मुदत उलटली असेल तर वास न घेतांच "टाक" म्हणतात. मात्र तसें म्हणतांना त्यांचा चेहरा उतरतो. तो पाहवत नाहीं, म्हणून मटणच आम्ही हल्लीं बेतानें आणतों.