दोन टिंबं, आठ हजार ऐंशी

पावसाळा लागला की सांगलीत पहिला प्रश्न एकच, ‘आयर्विनला किती?’ 1929 सालच्या त्या पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फुटांवर आहे, यावर गावभागात धान्याचे डबे माळ्यावर चढवायचे की नाही ते ठरतं. 40 फुटांवर इशारा, 45 फुटांवर धोका. 2005 च्या महापुरात पाणी 53 फुटांवर गेलं तेव्हा आमची आत्या न्यू जर्सीत बसून रात्ररात्र फोन फिरवत होती, आणि आमचा फोन मुका झालेला. पुढच्या पावसाळ्याआधी मी घरात वेब सर्व्हर बसवला तो त्या रात्रींमुळे.

सर्व्हर म्हणजे पेंटियम थ्रीचा जुना डबा. 128 एमबी रॅम, मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरचं लिनक्स आणि त्यावर अपाची. तांब्याच्या टेलिफोन तारेवरून येणारं 256 केबीपीएसचं ब्रॉडबँड तेव्हा नवंनवं होतं, आणि रात्री दोन ते सकाळी आठ वापर मोफत म्हणून सगळी मोठी कामं पहाटेला ठेवलेली. त्या वेगानं एक एमबीचा फोटो यायला अर्धा मिनिट लागायचा. पण आम्हाला फोटो पाठवायचेच नव्हते. आमच्या पानावर एक आकडा असायचा, त्याच्याखाली मागच्या सात दिवसांचे आकडे, बस्स.

आकडा अण्णा आणायचे. पहाटे सहाला छत्री घेऊन पुलावर जायचे, खांबावरच्या खुणा वाचायचे, घरी येऊन वहीत लिहायचे आणि मग मला सांगायचे. आधी वही, मग कॉम्प्युटर, हा क्रम त्यांनी कधी मोडू दिला नाही. सातच्या आत मी आकडा चढवला की न्यू जर्सीत रात्रीचे साडेनऊ वाजलेले असायचे. काळ्या पडद्यावर मी सर्व्हरची नोंदवही उघडी ठेवून बसायचो. येणाऱ्या प्रत्येकाची तिथं एक ओळ उमटते. आत्याची ओळ आली, की मी स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडायचो, ‘अण्णा, आत्यानं बघितलं!’

त्या ओळीचं मोल मला तेव्हाही कळत होतं. तिच्या घरातून निघालेली मागणी समुद्राखालच्या तारांतून, मुंबईवरून, आमच्या गल्लीतल्या खांबावरून थेट आमच्या कोनाड्यातल्या त्या डब्यापर्यंत यायची आणि उत्तर घेऊन परत जायची. आमच्या तारेला बाहेरून हाक मारता येईल असा पत्ता होता. मात्र तो टिकायचा नाही. भारनियमनात वीज गेली, की मॉडेम बंद, आणि वीज आली की पत्ता नवा. म्हणून डायनडीएनएसवर एक फुकट नाव घेतलेलं. मशीनवरचा छोटा प्रोग्रॅम दर वेळी तिकडे कळवायचा, की आता आम्ही या आकड्यावर राहतो. मॉडेमला सांगून ठेवलेलं, की बाहेरून अमुक दारावर कुणी आलं तर त्याला आत या मशीनकडे पाठव. वेबचं नेहमीचं 80 क्रमांकाचं दार आमच्या सेवादात्यानं बंद ठेवलं होतं, म्हणून आम्ही 8080 उघडलं. आत्याला फोनवर हे सांगताना अडचण आली. कोलन म्हणजे काय ते तिच्या लक्षात येईना. शेवटी अण्णा म्हणाले, ‘अगं, विसर्ग! दुःखातला विसर्ग. दोन टिंबं, आणि पुढं आठ हजार ऐंशी.’ तिनं ते कालनिर्णयच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं.

आई त्या डब्यावर काडेपेट्या ठेवायची. पावसात सादळू नयेत म्हणून. घरातली सर्वांत कोरडी, कोमट जागा तीच.

सगळं चांगलं होतं असं नाही. मॉडेमचा मूळ पासवर्ड मी चार महिने बदलला नव्हता, आणि तेव्हाही नोंदवहीत इंटरनेटवर फिरणाऱ्या जुन्या किड्यांच्या धडका दिसायच्याच. वीज दीर्घकाळ गेली की पान बंद, आणि वीज जायची ती नेमकी पाणी वाढताना. ज्या कामासाठी सर्व्हर बसवला त्या कामाला तो ऐन वेळी पुरा पडत नसे, हे आत्यालाही माहीत होतं. तरी ती रोज यायची.

2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या पुढं गेलं. आमचा तळमजला बुडाला, कोनाडाही. डिस्क गेली. अण्णांची वही माळ्यावर होती.

आता घरात फायबर आहे, 100 एमबीपीएस. तोच एक एमबीचा फोटो डोळ्याचं पातं लवायच्या आत येतो. नवा सर्व्हर पत्त्यांच्या कॅटएवढा रास्पबेरी पाय आहे, आवाज नाही, पंखा नाही. लेट्स एन्क्रिप्टनं सुरक्षित जोडणीची कुलपाची खूणही फुकट दिली. मग मी राउटरचं पान उघडलं आणि बाहेरचा पत्ता पाहिला. 100.64 नं सुरू होणारा. हा खोलीचा क्रमांक झाला, घराचा पत्ता नव्हे. जुन्या पद्धतीचे पत्ते जगात सुमारे 429 कोटीच. त्यांचा मध्यवर्ती साठा 3 फेब्रुवारी 2011 ला वाटून संपला, आणि तेव्हापासून कंपन्या एका पत्त्यामागं शेकडो घरं बसवू लागल्या. आतून बाहेर हवं तिथं जाता येतं. बाहेरून आत कुणाला यायचं तर या घराला नावच नाही. नव्या आयपीव्ही 6 पद्धतीत पत्ते अमाप आहेत, पण आमच्या राउटरनं बाहेरून येणाऱ्यांना तिथंही अडवलं. मला हे खरोखर लागलं. नळ जवळजवळ चारशेपट रुंद झाला आणि त्याच वेळी दार भिंतीत बुजवून टाकलं.

वाट निघाली ती बोगद्याची. आमचा पाय स्वतः बाहेर जाऊन एका मोठ्या कंपनीच्या सर्व्हरला धरून ठेवतो आणि पाहुणे त्या कंपनीच्या दारातून आमच्याकडे येतात. काम होतं, उत्तम होतं. पण नोंदवहीत आता ओळी माणसांच्या फार थोड्या. आमच्याकडे नसलेल्या वर्डप्रेसचं लॉगिन पान मागणारी यंत्रं, एआयसाठी मजकूर गोळा करणारी यंत्रं, रात्रंदिवस. त्यांतून माणूस निवडावा लागतो.

या उन्हाळ्यात मी अण्णांच्या वहीतले सगळे आकडे पुन्हा चढवले. गुडघ्यांमुळं त्यांचं पुलावर जाणं थांबलंय, म्हणून ते खुर्चीत बसून आकडे वाचत होते आणि मी टाईप करत होतो. पाय आता माळ्यावर आहे, वहीच्या शेजारी. संध्याकाळी आत्याला फोन करून सांगितलं, पान पुन्हा सुरू झालंय. ती आता ऐंशीला टेकली आहे. पलीकडं कागदांची सळसळ ऐकू आली, मग तिचा आवाज.

‘दोन टिंबं अजून लागतात का रे?’