माझी चिप आणि आजोबांचा हंडा

आधीच सांगते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी सांभाळून घ्यावं.

मागच्या सेमला मी एफपीजीएवर लिफ्ट कंट्रोलर केला. या चिपची आतली जोडणी आपण हवी तेव्हा बदलू शकतो. लाइट गेली की ती सगळं विसरते. आली की शेजारच्या फ्लॅश मेमरीतली फाईल वाचून पुन्हा 'लिफ्ट' होते. व्हायवाच्या आदल्या रात्री मी फाईल फ्लॅशमध्ये टाकली आणि बोर्ड लॅबमध्येच ठेवला. झालं! एका महाशयांनी ती परत वाचून घेतली. सॉफ्टवेअरमध्ये तशी सोयच आहे, आणि चोरायला कोड समजावा लागत नाही. तसाच दुसरा बोर्ड, तीच फाईल, तीच लिफ्ट.

त्याचा नंबर माझ्या आधी लागला. मग एक्स्टर्नलनी मलाच विचारलं, "कॉपी कुणाची?" मी कोड दाखवला. "कोड काय, कुणाच्याही पेनड्राइव्हमधून येतो!" त्या रात्री मी मेसमध्ये गेले नाही. (खिचडी होती, पण कारण ते नव्हतं.)

सुट्टीत सोनगीरला गेले. आमचे आजोबा तांबट. हंड्यावर ठोके घालता घालताच त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "माय, मंग कुलूप काब नही लावं?"

कुलूप आहे हो! फाईल एन्क्रिप्ट करायची, किल्ली चिपमध्ये ठेवायची. पण फ्यूज जाळून लिहिलेली किल्ली पुन्हा पुसता येत नाही. कॉलेजच्या बोर्डवर असं कोण करू देणार? शिवाय आमच्या लॅबमधली चिप झायलिंक्सच्या ७-सिरीजची. २०२० मध्ये जर्मनीतल्या बोखुमच्या संशोधकांनी 'स्टारब्लीड' दाखवलं: कुलूपबंद फाईलमध्ये थोडी ढवळाढवळ केली की चिप स्वतःच ती उलगडते आणि मजकूर एका रजिस्टरमध्ये ठेवते. रीसेटनंतरही तो तिथेच, आरामात वाचा! किल्ली माहीत असायचीही गरज नाही. दोष सिलिकॉनमध्येच, म्हणजे चिप बदलल्याशिवाय इलाज नाही.

एवढं लेक्चर ऐकून आजोबांनी हंडा उलटा केला. बुडाशी गिऱ्हाइकाचं नाव टिंबाटिंबांनी कोरलेलं. चोर हंडा नेईल, पण मोडीत घालेपर्यंत नाव काही जात नाही.

या सेमच्या प्रोजेक्टमध्ये दोन बटणं एकदम दाबली की डिस्प्लेवर माझा रोल नंबर येतो. कुठली दोन, ते इथे लिहीत नाही. हे मॅगझिन तोही वाचतो.